छापणाऱ्या हाताचं नाव

मागच्या अंकाच्या वेळी आपल्यात भांडण झालं. त्या रात्री जे नव्हते त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माझी एक कविता होती. गिरणीच्या छपाई खात्यातून रंगाचं पाणी गटारीला लागतं, लालात निळा मिसळतो, पुढं सगळंच काळं होतं. एवढंच तिच्यात होतं. गाव नाही, वाडा नाही, घोषणा नाही. एक दोस्त म्हणाला, "ही कविता आपली नाही. हे भरल्या पोटाचे चाळे आहेत." कविता बाजूला ठेवली गेली. माझंही डोकं फिरलं. म्हटलं, "मग स्टेन्सिलपण तूच काप." कारण दुसरी पाळी सुटल्यावर रात्री बाराच्या पुढं बसून सगळ्यांच्या कविता मेणकागदावर टोचतो तो मीच. रोलर फिरवतो तोही मीच. सकाळी आई म्हणते, "गिरणीत शाई, घरी बी शाई. तुझा खरा रंग कंचा रं?"

म्हणजे प्रश्न दोन होते. ज्या चित्रात माणूस दिसत नाही, ज्या कवितेत जात दिसत नाही, ते चित्र, ती कविता आपली असू शकते का? आणि दुसरा, दुसऱ्यांचं छापता छापता ज्याच्या रात्री जातात, त्याचं स्वतःचं काय?

हे दोन्ही प्रश्न डोक्यात घेऊन फिरत असताना रद्दीवाल्याकडं मला एक इंग्रजी चित्रांचं पुस्तक सापडलं. त्यात रंगाचे ठोकळे होते. एकमेकांना टेकलेले, एकमेकांवर चढलेले, मधेच दगडाची खरखर उमटलेली. खाली नाव : रॉबर्ट ब्लॅकबर्न. शेजारी त्याचा फोटो. काळा माणूस, प्रेसपाशी उभा. माझं इंग्रजी शाळेतलं नाही, डिक्शनरीतलं आहे. तरी पुस्तक घेतलं. पुढं जिथं मिळेल तिथं त्याच्याविषयी वाचत गेलो. आज त्या माणसाचा इतिहास सांगतो. तो आपल्या भांडणाचाही इतिहास आहे.

०

१९२० साल आपल्याला पाठ आहे. ३१ जानेवारीला 'मूकनायक' निघालं. पैसे देऊनही 'केसरी'नं त्याची जाहिरात छापली नव्हती. छापखाना ज्याच्या हातात त्याच्या हातात तोंड, हे बाबासाहेबांनी तेव्हाच ओळखलं होतं. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेत न्यू जर्सीतल्या समिट गावी ब्लॅकबर्नचा जन्म झाला. आईबाप जमैका बेटावरून आलेले. पोरगं लहान असतानाच कुटुंब न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये राहायला गेलं.

हार्लेम आपल्याला परकं नाही. १९१३ च्या जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले ते कोलंबिया विद्यापीठात. विद्यापीठ उंचवट्यावर, आणि त्याच्या खालच्या अंगाला हार्लेम. दक्षिणेतली जाळपोळ, फाशी, उपासमार मागं टाकून काळी माणसं त्याच वर्षांत तिथं येऊन वस्ती करत होती. पुढं १९४६ साली बाबासाहेबांनी काळ्यांचे मोठे विचारवंत डु बॉइस यांना पत्र लिहिलं. संयुक्त राष्ट्रांपुढं काळ्यांनी मांडलेल्या अर्जाची त्यांनी चौकशी केली, आणि डु बॉइसनी उत्तरही दिलं. १९७२ साली मुंबईत पँथर उभी राहिली ती ब्लॅक पँथरचं नाव घेऊन. तेव्हा हार्लेमच्या पोराची गोष्ट मी वाट वाकडी करून सांगतोय असं कुणी समजू नये.

हे पोरगं ज्या शाळेत गेलं तिथं काउंटी कलेन शिकवायला होता. कलेन म्हणजे हार्लेमचा नावाजलेला काळा कवी. विचार करा, शाळेतला मास्तर आपलाच, आणि वर कवी! पुढं डीविट क्लिंटन हायस्कुलात गेल्यावर ब्लॅकबर्ननं शाळेच्या 'मॅगपाय' नावाच्या मासिकात चित्रं काढली, मजकूरही लिहिला. म्हणजे त्याची सुरुवात मासिकापासूनच झाली. आपल्यासारखीच.

ती मंदीची वर्षं होती. रूझवेल्ट सरकारनं १९३५ पासून बेकार चित्रकारांना मजुरी देऊन कामाला लावलं. हार्लेमच्या काळ्या चित्रकारांनी स्वतःची संघटना बांधली आणि आमच्या वस्तीतही केंद्र द्या म्हणून रेटा लावला. १९३७ च्या डिसेंबरात हार्लेम कम्युनिटी आर्ट सेंटर उघडलं. पहिली संचालिका ऑगस्टा सॅव्हेज, काळी मूर्तिकार बाई. शिकवणी फुकट. त्याच्या आधीपासून एकशे एक्केचाळिसाव्या रस्त्यावर ३०६ नंबरच्या जागेत चार्ल्स आल्स्टन ह्या चित्रकाराचा अड्डा होता. चित्रकार, कवी, गाणारे तिथं जमत, वाद घालत. पोरं कोपऱ्यात बसून ऐकत. ब्लॅकबर्न त्या पोरांतला. अशा अड्ड्यावर माणूस फुकट शिकतो, हे आपण चहाच्या टपरीवर शिकलोय.

सेंटरमध्ये रिव्हा हेल्फंड नावाच्या बाईकडं, १९३८ च्या सुमाराला, सतरा-अठरा वर्षांचा ब्लॅकबर्न दगडावरून छापायला शिकला. आणि जन्मभर दगडाचा झाला.

०

दगडावरून छापणं म्हणजे लिथोग्राफी. आपल्याकडं जुना शब्द आहे शिळाछाप. ते कसं होतं ते सांगितल्याशिवाय ह्या माणसाचं आयुष्य कळायचं नाही.

चुनखडीचा जाड, सपाट दगड. एकट्याला उचलवत नाही. आधी वाळू आणि पाणी घालून तो घासायचा, मागचं चित्र पार जाईपर्यंत. घासायला तासन् तास जातात. मग तेलकट खडूनं त्यावर काढायचं, तेही उलटं, कारण छापल्यावर ते सुलट होतं. वरून डिंक आणि थोडं तेजाब. मग दगड ओला करायचा आणि शाईचा रूळ फिरवायचा. जिथं तेलकट रेघ आहे तिथं शाई धरते, जिथं पाणी आहे तिथं धरत नाही. तेल आणि पाण्याचं वैर, त्यावर सगळा खेळ. कागद ठेवायचा, दाब द्यायचा. एक छाप निघाला. पुन्हा ओला, पुन्हा रूळ, पुन्हा दाब. रंग पाच असतील तर पाच वेळा आणि प्रत्येक रंग आधीच्या रंगावर बरोबर बसला पाहिजे. केसभर सरकला तर कागद वाया. छपाई खात्यात कापड सरकलं तर काय होतं ते मला कुणी शिकवायला नको.

ह्या शाईतसुद्धा आपल्या मुलखानं जात घातली होती. मुंबईत गणपत कृष्णाजींनी १८३१ साली शिळाछापावर पंचांग काढलं. छापलेल्या कागदाला शिवायला सोवळे लोक तयार होईनात, शाईत चरबी असते म्हणून. तेव्हा चरबीच्या जागी तूप घालून शाई केली असं सांगतात. तुपाची शाई! कागदाचासुद्धा विटाळ होणाऱ्यांचा हा देश.

आणि धाग्याचाही. आमचं घराणं चार पिढ्या गिरणीतलं. माझा पणजा मुंबईत त्रासन खात्यात होता. साचेखात्यात पगार जास्त, पण तिथं महारांना घेत नसत. का? धोट्यात कांडी बदलली की धागा तोंडानं ओढून घ्यावा लागे. आमच्या तोंडाचा धागा दुसऱ्यानं तोंडात कसा घ्यायचा? कामगार एकजुटीच्या घोषणा देणारेही ह्यावर गप्प बसत. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपवाल्यांपुढं ठेवला आणि मागणीत घालायला लावला.

हे इथं मुद्दाम काढलं. कारण कुठल्या यंत्राला कोणी हात लावायचा, हा प्रश्न आपल्याला जन्मापासून माहीत आहे. ब्लॅकबर्नचं सगळं काम त्याच प्रश्नाभोवती आहे.

०

पोरवयातली त्याची चित्रं तुम्हाला लगेच कळतील. १९३८ च्या सुमाराचं 'कष्ट' नावाचं चित्र आहे, होडीतल्या निर्वासितांचं एक आहे. माणसं आहेत, त्यांचा भार आहे. १९४० ते ४३ तो स्कॉलरशिपवर आर्ट स्टुडंट्स लीगमध्ये शिकला. तिथं विल बार्नेट नावाचा गोरा शिक्षक भेटला, तो जन्माचा दोस्त झाला. शिक्षण संपल्यावर पोटासाठी मिळेल ते काम केलं. आणि १९४७-४८ च्या सुमाराला न्यूयॉर्कच्या सतराव्या रस्त्यावर एका माडीवर त्यानं स्वतःचा प्रेस टाकला. वय सत्तावीस. म्हणजे आपल्याएवढाच.

पुढं ह्या प्रेसला प्रिंटमेकिंग वर्कशॉप हे नाव पडलं. कोणी यावं, दगड घासावा, काढावं, छापावं. काळा, गोरा, बाई, बाप्या, नावाजलेला, नवशिका. पैसे असतील तर द्यावेत, नसतील तर नड नाही. त्या काळात बहुतेक गॅलऱ्यांची दारं काळ्या चित्रकारांना बंद. अशा वेळी एका काळ्या माणसानं दार उघडलं आणि ते सगळ्यांना उघडलं. आमची पाणवठ्यावरची लाइन वेगळी, असं त्यानं उलट्या अंगानंही केलं नाही. रोमेअर बिअर्डन, एलिझाबेथ कॅटलेट, जॉन बिगर्स, कॅमिल बिलॉप्स हे काळ्या कलेतले मोठे लोक त्याच्याकडं छापून गेले. आणि ज्यांची नावं कुठं आली नाहीत असे कितीतरी.

त्याच सुमाराला त्याच्या चित्रातली माणसं विरघळू लागली. १९५० च्या 'लाल कपड्यातली मुलगी' ह्या चित्रात मुलगी आहे, पण ती रंगाच्या पट्ट्यांत मोडलेली. १९५१-५२ मध्ये बार्नेटबरोबर त्यानं बहुरंगी दगडछपाईचा एक संच काढला. इतके रंग दगडावरून इतक्या नेमकेपणानं काढणारे तेव्हा अमेरिकेत फार थोडे. मग १९६० चं 'कलर सिम्फनी', १९६१ चं 'हेवी फॉर्म्स', म्हणजे 'जड आकार'. आता मुलगी नाही, होडी नाही. नुसते आकार, त्यांचं वजन, आणि एकाला दुसऱ्याचा टेकू.

मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला काय कळंना. मग एक दिवस गोदामात गाठी चढवत होतो. एका गाठीवर दुसरी, कडेला तिसरी, मधे फट. बाहेर येऊन पुस्तक उघडलं. आणि डोक्यात उजेड पडला. जन्मभर दगड उचलणाऱ्या माणसाला वजन ठाऊक असतं. त्यानं वजन काढलंय. वजन उचलणारा माणूस काढला नाही, कारण तो माणूस चित्राच्या बाहेर उभा आहे. प्रेसपाशी.

०

आता ह्या इतिहासातलं दुखरं पान.

१९५७ साली लाँग आयलंडवरच्या वेस्ट आयस्लिप गावात तातियाना ग्रोसमन ह्या बाईनं आपल्या घरात एक प्रेस सुरू केला. अंगणातल्या वाटेत तिला शिळाछापाचे जुने दगड सापडले होते, तिथून तिला ही कल्पना सुचली. नामांकित चित्रकारांना बोलवायचं आणि त्यांच्याकडून दगडावर काढून घ्यायचं. चित्रकार मोठे, पण दगडाची त्यांना ओळख नाही. तेजाब किती, पाणी किती, शाई कुठं धरंल, कुठं फिसकटंल, हे कोणाला माहीत? ब्लॅकबर्नला. तो तिथला पहिला मुख्य छापणारा झाला. १९५७ ते १९६३. पहिल्या ७९ आवृत्त्या त्याच्या हातच्या. लॅरी रिव्हर्स, ग्रेस हार्टिगन, हेलन फ्रँकेंथॅलर, जॅस्पर जॉन्स, रॉबर्ट राउशेनबर्ग. पुढं ह्यांच्या एकेका कागदाला किती किंमत आली ती आपण बोलायची नाही, आपल्या पगाराचा अपमान होतो.

१९६३ साली त्याच छापखान्यात राउशेनबर्गच्या चित्राचा दगड मधोमध फुटला. त्यानं फुटलेल्या दगडावरूनच छाप काढायला लावले. चिरेसकट. त्या चित्राला युगोस्लाव्हियात ल्युब्लियानाच्या प्रदर्शनात पहिलं बक्षीस मिळालं. दगड फुटला तरी चित्रकाराचं नाव झालं. पण कितीतरी दगड फुटू न देता ज्यानं सहा वर्षं छापलं, त्याला कुठलं बक्षीस?

अमेरिकन छापकलेचा नवा जमाना १९६० च्या आसपास अशा बड्या छापखान्यांपासून सुरू झाला असं बरीच वर्षं लिहिलं गेलं. आणि त्याच्या दहा वर्षं आधी सतराव्या रस्त्यावर काय चाललं होतं ते एका ओळीत उरकलं गेलं. कापड आम्ही काढायचं आणि ताग्यावर शिक्का मालकाचा, तसंच हे. मी हे ब्लॅकबर्नच्या तोंडी घालत नाही. हा हिशोब माझा आहे. त्यानं एवढंच केलं, १९६३ साली ती नोकरी सोडली आणि आपल्या प्रेसवर परत आला. दगड घासायला.

०

मग वर्कशॉप वाढलं. १९७१ साली त्याची रीतसर संस्था झाली. पैशाची चणचण मात्र कधी सुटली नाही. तो तिथंच असायचा. कुणाचा दगड बिघडला, कुणाची शाई दाट झाली, कुणाला पहिल्यांदा रूळ धरायला शिकवायचं आहे. स्वतःचं काम राहून जायचं. मधूनमधून तो लाकूड कोरायचा, त्यावरून छापायचा. १९८४ चं 'वुडस्केप' त्यातलं. पण एवढ्या मोठ्या हाताच्या मानानं त्याची स्वतःची चित्रं कमीच.

इथं काहीजण म्हणतील, केवढा त्याग! मी तसं म्हणणार नाही. त्याग हा शब्द आपल्या लोकांवर फार वापरला गेलाय. ते नुकसान होतं. जी चित्रं झाली नाहीत ती कायमची गेली. ज्या माणसाच्या हातात एवढी विद्या, त्याला दुसऱ्यांचे दगड सांभाळून स्वतःसाठी वेळ उरला नाही, हे आपण नुकसान म्हणूनच मोजलं पाहिजे. नाहीतर उद्या आपल्यातलाही एकजण असाच संपेल आणि आपण त्याच्या फोटोला हार घालू.

पण दुसरी बाजूही खरी. १९९२ साली त्याला मॅकआर्थर फेलोशिप मिळाली, तोवर प्रेसला चाळीसच्या वर वर्षं झाली होती. चाळीस वर्षांत किती हातांना यंत्र मिळालं! २००१ साली वर्कशॉप बंद पडलं. २१ एप्रिल २००३ ला तो वारला. आणि २००५ साली त्याच शहरात त्याच्या नावानं प्रेस पुन्हा सुरू झाला. पुतळा नाही, प्रेस. तिथं छापलेल्या चित्रांचा मोठा साठा आज अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे, हार्लेमच्या शोम्बर्ग सेंटरमध्येही आहे.

०

आता आपल्या भांडणाकडं येतो.

साठ-सत्तरच्या दशकात काळ्यांच्या चळवळीतही हाच सवाल उठला. रस्त्यावर पोरांवर कुत्री सोडली जात असताना काळ्या चित्रकारानं नुसते रंगाचे आकार का काढावेत? सवाल खोटा नव्हता. विचारणारे आपल्यासारखेच होते, जळणारे. मी त्यांना हसत नाही. पोटात आग असताना निळ्या ठोकळ्यानं ती विझत नाही, हे मलाही कळतं.

पण दुसरीकडून बघा. आपल्याकडून दुःख कोणाला हवंय? प्रस्थापित मासिकांचे संपादक आपल्याला पत्र लिहितात ते काय म्हणून? 'तुमचे अनुभव पाठवा.' अनुभव म्हणजे मार, उपास, मेलेलं ढोर. आकाश त्यांनी लिहायचं आणि ढोर आपण. रंग त्यांचा, रक्त आपलं. ही साहित्यातली वतनदारी आहे, आणि आपणच आपल्या दोस्ताला तिच्यात ढकलतोय. महाडला बाबासाहेबांनी तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं तेव्हा प्रश्न नुसता तहानेचा नव्हता. माणसाच्या बरोबरीचा होता. मग निळ्या रंगावर, वजनावर, गटारीत मिसळणाऱ्या लालावर माझा हक्क का नाही? ब्लॅकबर्ननं 'जड आकार' छापले तेव्हा तो काळा राहिला नाही का? त्याच्याच प्रेसवर शेजारच्या दगडावर दुसरा कोणी काळ्या आईचा चेहरा काढत होता. दोन्ही दगडांना पाणी एकाच बादलीतलं.

मला एवढंच म्हणायचं आहे. घोषणेची कविता आणि रंगाची कविता एकाच रोलरखालून जाऊ द्या. रोलर आपला आहे ना, मग भ्यायचं कशाला?

आणि स्टेन्सिलविषयी. रागात बोललो ते मागं घेतो. स्टेन्सिल मी कापीन, पण एकटा नाही. पुढच्या अंकापासून पाळी लावू. गिरणीत तीन पाळ्या असतात, इथं चार लावू. ज्याची कविता छापून येते त्यानं निदान एका दुसऱ्याची कविता मेणावर टोचावी. लोखंडी काडीनं मेण फाटतं आणि त्या फाटीतूनच शाई उतरते, हे एकदा स्वतःच्या बोटांना कळू द्या. कविता लिहायचीही वेगळी अक्कल येते, माझ्यावर विश्वास ठेवा.

दुसरं, चित्रं छापणाऱ्या प्रेसमध्ये रीत असते की कागदाच्या कोपऱ्यात प्रेसचा कोरडा शिक्का दाबायचा. शाई नाही, नुसता उठाव. बोट फिरवलं की कळतो. आपल्याकडं शिक्का नाही. पण शेवटच्या पानावर दोन ओळींची जागा असते. तिथं स्टेन्सिल कोणी कापलं आणि रोलर कोणी फिरवला त्यांची नावं टाकायची. कवींच्या नावाएवढ्याच अक्षरात.

ह्या अंकाचं स्टेन्सिल मी कापलंय. रोलर त्यानं फिरवला, ज्यानं माझी कविता परत केली होती. शाई लागलेल्या हातानं चहा घेत तो म्हणाला, "ती गटारीची कविता आण रे परत. वाचू पुन्हा."

जय भीम.